काट्यावरचं लग्न

लग्न ठरलं की मुली जरा नरम पडतात, चार शब्द कमी बोलतात, निदान घरातल्या थोरल्या माणसाला विचारून पाऊल उचलतात. आजीच्या नातीनं यातलं काही एक केलं नाही. संध्याकाळी कामावरून आली, दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली की जागा ठरली, लग्न काट्यावर करायचं. आणि तो शब्द खाली पडायच्या आत जेवायला काय आहे ते विचारलं. मोरीतला दिवा गेलाय, नवा आणायला हवा, हे सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी ही तक्रार आजीनं सकाळी सातपासून ज्याला त्याला ऐकवली. खडी आणणाऱ्याला ऐकवली, भंगारवाल्याला ऐकवली, लाकडाच्या वखारीतून आलेल्याला तर गाडी काट्यावरून उतरू न देता ऐकवली. सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या, कारण आजीपुढे, म्हणजे त्यांच्या मावशीपुढे, दुसरं काही करायची कुणाची छाती नव्हती. गाडी रस्त्याला लागल्यावर मात्र प्रत्येक जण पोटभर हसला.

काटा म्हणजे गोदामांच्या रांगेच्या तोंडाशी असलेला, ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा. रस्त्याच्या बरोबरीनं जमिनीत बसवलेला जाड लोखंडी पत्रा, अख्खा ट्रक मावेल एवढा लांब. त्याला खेटून एक छोटी खोली, तिला सगळे केबिन म्हणत. केबिनला एक खिडकी आणि खिडकीत एकतीस वर्षं आजी. गाडी रिकामी यायची, तिचं वजन व्हायचं. माल भरून यायची, पुन्हा व्हायचं. मधला फरक तो माल. एवढी सोपी गोष्ट, पण तिच्यात माणसं काय काय कला करतात ते आजीला विचारावं. गाडी रिकामी असताना चालक खाली उतरून उभा राहतो आणि भरल्यावर आत बसून राहतो, म्हणजे तो स्वतःच मालाबरोबर तोलला जातो. कुणी पेटीत दगड आणतो, कुणी मागचं चाक चार बोटं पत्र्याबाहेर ठेवतो. आजीनं दुसरी इयत्ताही पुरी केलेली नव्हती. अक्षरं तिला अजून बोटानं धरून धरून लावावी लागत. पण इंजिनाच्या आवाजावरून ती सांगायची की पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणलीस, जा, ओतून ये.

सगळं मनासारखं झालं की ती लाकडी पट्टीनं खिडकीची चौकट ठोकायची आणि म्हणायची, "वजन बरोबर. ने गाडी." हे शब्द कानावर पडल्याखेरीज एकही गाडी हलत नसे. एकदा एक नवखा हलला होता. त्याला तिनं गाडी मागं घ्यायला लावली, शब्द ऐकवले आणि मग सोडलं.

अशी बाई, आणि तिच्याच घरात तिला न विचारता लग्नाची जागा ठरते.

आजीच्या डोक्यात जागा केव्हाची ठरलेली होती. नात तिच्याकडे आली ती आठ दिवसांची असताना. आजीची लेक बाळंतपणातून उठली नाही. पोरीचा बाप त्याच्या आधीच दुसऱ्या वाटेला लागला होता. त्याचा पत्ता आजीनं विचारला नाही, कुणी सांगायला आलं तर ऐकून घेतला नाही. लेकीला शेवटचं पोचवून ती बाळाला छातीशी धरून बसनं परत येत होती, तेव्हा शेजारच्या बाईनं बाळाकडे बघून चुकचुक केली आणि म्हणाली, बिचारी. त्याच वेळी बस एका मोठ्या हॉलसमोर थांबली. उघड्या दारातून तीन झुंबरं दिसत होती आणि पायऱ्यांवरून एक नवरी उतरत होती, तिच्या मागंपुढं माणसंच माणसं. आजीनं तिथल्या तिथं मनाशी ठरवलं की या पोरीचं लग्न या हॉलमध्ये होईल, आणि त्या दिवशी तिला बिचारी म्हणायची एकाचीही जीभ उचलणार नाही. बाकी तिनं आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. पण हे हवं होतं, आणि सव्वीस वर्षं झाली तरी ते तसंच हवं होतं.

नातीचं म्हणणं वेगळं. ती पार्सलं पोचवायची गाडी चालवायची, हीसुद्धा आजीची एक जुनी तक्रार होती, आणि गाडी चालवणाऱ्या माणसासारखीच ती आधी वळण घ्यायची आणि मग सांगायची. ती म्हणाली की मी जिथं वाढले तिथंच लग्न करीन. आजी म्हणाली, तू मोरीतही वाढलीस, मग मोरीत मंडप घालू का. नात म्हणाली, हॉलच्या गल्लीत ट्रकला बंदी आहे, भोंगाकाका गाडी कुठं लावेल. आजी म्हणाली, भोंगानं एक दिवस माणसासारखं बसनं यावं. मग नात उठून मोरीत भांडी घासायला बसली, आणि आजीला ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

भोंगा म्हणजे कोळशाच्या गाडीवरचा जुना चालक. आवाज असा की त्याच्या गाडीला भोंग्याची गरजच नव्हती, म्हणून हे नाव. आजीला कामावर जाणं भाग होतं आणि घरी बाळाजवळ कुणी नव्हतं, त्यामुळे नात केबिनमध्येच राहिली. पहिल्याच आठवड्यात भोंगानं फळांच्या खोक्याला दोर बांधून पाळणा करून आणला. वखारवाल्यानं त्याच्या कडा पालथ्या हातानं तपासून घासून दिल्या. कुणी धूळ येऊ नये म्हणून ताडपत्रीचा पडदा शिवून लावला, कुणाच्या बायकोनं लोकरीची टोपी विणून पाठवली, दुधाचा डबा तर कोण ठेवून जायचं ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती कुणालाही थेट आभारी आहे असं म्हणाली नाही. तिच्या तोंडातून ते निघतच नसे. त्या आठवड्यात ती फक्त दोन वेळा कमी ओरडली, आणि चालकांनी ते ओळखून घेतलं.

एक दिवस भोंगा पत्र्यावर उभा राहिला, स्वतःचं वजन केलं, मग बाळाला हातात घेऊन पुन्हा केलं. तेव्हा काटा जुना होता. केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याकडे तोंड करून, घड्याळासारखी मोठी तबकडी आणि तिच्यात सुई. सुई तसूभरही सरकली नाही. भोंगा म्हणाला, ही तर पासंगालाही पुरत नाही. तराजूचं एक पारडं हलकं पडलं की त्याला बांधायचा चिमुकला तुकडा, तो पासंग. तेव्हापासून पोरीला सगळे पासंगीच म्हणू लागले. शाळेच्या दाखल्यावरचं नाव फक्त शाळेला ठाऊक होतं.

आता नवरदेव. तो काटे दुरुस्त करणारा. तीन वर्षांपूर्वी जुनी तबकडी काढून लाल आकड्यांचा विजेचा फलक बसवला, तो त्यानंच. त्याच्या कानामागं कायम स्क्रू पिळायचा पेचकस असायचा, म्हणून आजी त्याला पेचकसच म्हणे. नवा काटा नीट चालतो का ते बघायला त्याला वजन ठाऊक असलेली एखादी गाडी हवी होती. पासंगीनं आपली गाडी पत्र्यावर घातली, आणि तो ती गाडी गरजेपेक्षा पाच-सहा वेळा जास्त तोलत बसला. आजीला तेव्हाच संशय आला होता. मुलगा तिला मनातून पसंत होता, कारण तो वजनाच्या बाबतीत खोटं बोलत नसे. तोंडावर मात्र तिनं त्याला अजून बसायला खुर्ची दिली नव्हती.

खरी धास्ती होती ती विहीणबाईंची. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आजीला वाटायचं, त्यांच्या पुढ्यात आपलं बोलणं म्हणजे चुकांनी भरलेली वही. काट्यावर लग्न म्हटल्यावर त्या नाक मुरडतील, मग दोन दिवसांत हॉलचं ठरेल, असा तिचा मनातला हिशेब होता. त्यासाठी तिनं स्वतःच निरोप पाठवला की जागा एकदा डोळ्यांनी बघून जा.

विहीणबाई आल्या त्या नेमक्या भंगाराची गाडी काट्यावर असताना. आजीनं मुद्दाम खिडकी उघडी टाकली, म्हणजे धूळ आणि आवाज दोन्ही पोटभर मिळावं. बाईंनी रुमालानं चष्मा पुसला आणि विचारायला सुरुवात केली. रिकामं वजन आधी की भरलेलं. पावसाचं पाणी ताडपत्रीत साचलं तर ते कुणाच्या माथी. चालक जाडा झाला तर. आजी आधी तुटक बोलली, मग तिला राहवेना, मग ती चाक पत्र्याबाहेर ठेवणाऱ्यांच्या युक्त्या हातवारे करून सांगू लागली, आणि विहीणबाई पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या ऐकत राहिल्या. भंगारवाला ताटकळला. शेवटी आजीनं चौकट ठोकून त्याला सोडलं, तेव्हा बाई म्हणाल्या की आपण जन्मभर मुलांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, असं ठणकावून बरोबर म्हणायचं राहूनच गेलं. आणि जागा त्यांना पसंत पडली. अट एकच, त्या एकट्या पत्र्यावर उभ्या राहणार नाहीत. फलकावरचे आकडे रस्त्यापलीकडूनही वाचता येतात, हे त्यांनी आल्या आल्या पाहून ठेवलं होतं.

आजीचा डाव असा तिच्याच अंगावर उलटला. पण ती हार मानणारी नव्हती. तिनं ठेवणीतली शाल काढली आणि कुणाला न सांगता दुपारी एकटीच हॉलवर गेली. म्हटलं, आधी तारीख बांधून टाकावी, मग बघू पोरगी कुठं जाते.

हॉल बाहेरून दिसायचा त्याहून देखणा निघाला. तिन्ही झुंबरं जागेवर होती. फरशी अशी गुळगुळीत की आजी जनावरानं पाण्यात पाय घालावा तशी चाचपत चालली. व्यवस्थापक सभ्य होता, त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मोठा तक्ता पुढं ओढला आणि पेन उघडून विचारलं, "मुलीकडचे किती?"

आजी म्हणाली, "मी."

तो पेन धरून थांबला. त्याला वाटलं, ही सुरुवात आहे.

आजीनं आठवायला घेतलं. बहीण होती, ती गेली. दीर होता, त्यानं बाळ घरात आल्यावर येणंजाणं बंद केलं. शेजारीण होती, पण ती मागल्या वर्षी लेकाकडे राहायला गेली. एकतीस वर्षं आकड्यावर कधी न अडलेली बाई त्या खुर्चीत एकावर अडली. वर बघितलं तर तीन झुंबरं, आणि खाली मुलीच्या बाजूच्या शंभर रिकाम्या खुर्च्या तिला आताच दिसू लागल्या. बिचारी म्हणायला लोकांना दुसरं काय लागतं.

व्यवस्थापकानं नरमाईनं विचारलं की आणखी कुणी असेलच की. तेव्हा आजीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. भोंगा आणि त्याची बायको. वखारवाला. ताडपत्री शिवली तो, आता त्याला कमी दिसतं, त्याला कुणी तरी घेऊन यावं लागेल. टोपी विणली ती. खडीवाले तिघे भाऊ, ते एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना वेगवेगळं बसवावं लागेल. वाळूवाला, भाजीवाला, मिठाच्या गोण्यांवाला. ती बोलत गेली आणि तो लिहीत गेला, आणि एकसष्टाव्या माणसाला त्यानं मान वर करून विचारलं की ही मंडळी येणार कशी. आजी म्हणाली, येतील की, आपापल्या ट्रकनं. मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, कारण गल्लीच्या तोंडावरची ट्रकबंदीची पाटी हॉलच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होती.

आजी उठली. तो दारापर्यंत पोचवायला आला. पायऱ्यांवर तिनं त्याला बजावलं की मधल्या झुंबराचे दोन दिवे गेलेत, बघून घे.

त्या संध्याकाळी नात आली, वाकून नाड्या सोडू लागली, आणि आजीनं भाजी चिरता चिरता वर न बघता सांगितलं की काय करायचं ते काट्यावर करा. नात एका पायात बूट तसाच ठेवून धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. आजीनं तिला विळी लागेल म्हणून झिडकारलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. मी केबिनमध्ये बसीन, सही करायला खिडकीतून हात बाहेर काढीन, पण पत्र्यावर पाय ठेवणार नाही. नातीनं विचारलं, का. आजी म्हणाली, भंगार तोलायच्या जागी उभं राहून मला नवऱ्यामुलाच्या नातलगांत मिरवायचं नाही.

हे खरं कारण नव्हतं. खरं कारण फक्त तिला आणि तिच्या चपलेला ठाऊक होतं.

पासंगीचा दर वाढदिवशी काट्यावर उभं राहायचा नेम होता. जुन्या काट्याची सुई वीस किलोच्या खाली जागची हलायची नाही, कारण तो ट्रकसाठी होता, पोरींसाठी नव्हता. पहिली चार वर्षं ती मजेत उभी राहिली आणि मजेत उतरली. पाचव्या वाढदिवसाला तिला आकडे कळू लागले होते. तिनं तबकडीकडे टक लावून बघितलं, सुई शून्यावर. तिनं विचारलं की आजी, मी नाहीच आहे का. आजी तिच्या मागं, पत्र्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती. तिनं काही ठरवलं नाही. तिचा उजवा पाय आपणहून उचलला गेला आणि पत्र्यावर टेकला, थोडा दाबला. सुई वीसवर आली. पोरगी उड्या मारत खाली उतरली आणि दिवसभर येईल त्या चालकाला सांगत सुटली की मी आता वजनात आले.

त्या रात्रीपासून आजीच्या मनात ते कुसळ रुतून बसलं. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना चार बोटांची लबाडी न करू देणारी ती, आणि तिनं स्वतः काट्यावर खोटं वजन दाखवलं होतं. त्यानंतर वजन चालू असताना तिनं पत्र्याला पाय लावला नाही. झाडायचं असलं तरी काटा बंद करून झाडायची.

लग्न रविवारी होतं, कारण रविवारी काटा बंद. सकाळपासून गाड्या येऊ लागल्या आणि गोदामांच्या भिंतीला लागून ओळीनं उभ्या राहिल्या, सगळ्या धुतलेल्या. कोळशाची गाडी इतकी स्वच्छ होती की आजीनं आधी ती ओळखलीच नाही. खडीवाले तिघे भाऊ तीन वेगळ्या कोपऱ्यांत उभे राहिले. ताडपत्रीवाल्याला त्याची सून हाताला धरून घेऊन आली. त्यानं केबिनच्या पडद्याची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाला, टिकली की. पत्र्यावर मधोमध एक टेबल, त्यावर पांढरं कापड, फुलांची दोन भांडी. पेचकस नवे कपडे घालून आला होता, कानामागं मात्र पेचकस तसाच, आणि टेबल-फुलं मांडून झाल्यावर त्यानं सवयीनं काटा शून्यावर आणला. फलकावर मोठं लाल शून्य. आजीला खिडकीतून ते बघून बरं वाटलं. निदान काम रीतीनं चाललं होतं.

नोंदणी अधिकारी वेळेवर आला, पत्र्यावर चढला, आणि फलकावर त्याचे पंच्याऐंशी किलो झळकले. एवढा जमाव एकदम हसला. तो बिचारा पोट आत घेऊन उभा राहिला. विहीणबाईंनी ते बघून आपल्या दोन बहिणी, एक मेहुणा आणि भोंगाची बायको यांना सोबत घेतलं आणि पाच जणांच्या घोळक्यातून वर आल्या, म्हणजे कुणाचं किती ते परमेश्वरालाही कळू नये. नवरा-नवरीनं सह्या केल्या. साक्षीदार म्हणून विहीणबाईंनी केली आणि भोंगानंही केली, त्याला बैठक मारूनच सही करायची सवय, म्हणून टेबलाशी खुर्ची आणावी लागली. शेवटी अधिकाऱ्यानं कागद खिडकीशी नेला. आजीनं हात बाहेर काढला आणि सावकाश, एकेक अक्षर रांगेत बसवत, आपलं नाव लिहिलं. ते लिहायला तिला लागला तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही.

सगळं आटोपलं असं आजीला वाटलं. पण नातीनं सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. टेबल उतरवलं, फुलं उतरवली, नवऱ्यालाही उतरवलं. पेचकसनं पुन्हा शून्य केलं. मग ती एकटी पत्र्याच्या मधोमध उभी राहिली, आणि फलकावर पंचावन्न आलं.

"आजी," ती म्हणाली, "वजन कर."

आजी म्हणाली की दिसतंय सगळ्यांना, पंचावन्न.

"ते पुरं नाही. माझं वजन तुझा पाय लागल्याशिवाय भरत नाही. पाचव्या वाढदिवसालाही भरलं नव्हतं."

आजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं हातातली पट्टी उगीच सरळ ठेवली, मग आडवी ठेवली. नात शांतपणे बोलत होती, ओरडून नाही, पण गोदामांच्या भिंतींमुळे शब्द सगळ्यांपर्यंत जात होते. ती म्हणाली की तबकडीच्या काचेत मागचं दिसायचं. तुझी चप्पल दिसली होती मला. तेव्हा अर्थ कळला नाही. दहाबारा वर्षांची झाल्यावर कळला, आणि त्या दिवशी मी शाळेतून घरी येईपर्यंत रडत आले. "सगळ्या जगाला तू खरं वजन दिलंस, आजी. खोटं दिलंस ते एकदाच, आणि ते मला. म्हणून मला लग्न इथं हवं होतं. हॉलमध्ये हे कुणाला सांगितलं असतं?"

आजीनं आधारासाठी भोंगाकडे बघितलं, तर तो आभाळाकडे बघत होता. तो खाकरला. म्हणाला की ट्रकच्या सीटवरून सगळंच दिसतं, मावशी, त्या दिवशी मागची गाडी माझी होती. आजीनं विचारलं की मग एकवीस वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तुम्ही पहिल्यांदा चुकला होता. आम्हाला फार बरं वाटलं होतं." वखारवाल्यानं मान हलवली, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आजीनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, आणि तिला कळलं की हे कुसळ ती एकटीच जपत आली होती. बाकीच्यांनी त्याचं केव्हाच काहीतरी वेगळं करून मनात ठेवलं होतं, पाळण्याच्या, टोपीच्या आणि दुधाच्या डब्याच्या शेजारी.

ती केबिनचं दार उघडून बाहेर आली. शाल नीट केली. कडेला आली आणि थांबली. नातीनं हात पुढं केला नाही, नुसती वाट बघत राहिली, आणि ते तिनं बरोबर केलं. हात दिला असता तर आजी परत फिरली असती.

आजीनं उजवा पाय पत्र्यावर ठेवला. मग डावाही ठेवला. फलक थरथरला आणि शंभरावर येऊन थांबला, अगदी पुरा, इकडे नाही की तिकडे नाही. मागं विहीणबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. गाड्यांच्या रांगेतून एकही भोंगा वाजला नाही, कारण शब्द अजून यायचे होते आणि ते आल्याशिवाय हलायचं नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आजीनं आकडा बघितला. माणसांकडे बघितलं, एकसष्ट तर होतीच, वर आणखी होती. कुणाच्याही चेहऱ्यावर तो बसमधला शब्द नव्हता. मग तिनं नातीकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, भरलेल्या गाडीकडे बघावं तसं, आणि हातात पट्टी नव्हती म्हणून तळहातानं स्वतःच्या दुसऱ्या तळहातावर ठोकलं.

"विचारल्याशिवाय जागा ठरवलीस, ते चुकलं तुझं," ती म्हणाली. "भर लोकांत माझी चोरी काढलीस, तेही चुकलं. अक्कल तुझी अजून पासंगालाही पुरत नाही, आणि हे मी तुझ्या सासूदेखत सांगते. पण वजन बरोबर आहे, पोरी. ने गाडी."